प्रशिक्षण सेविकेचे, आराखडा कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण हा वैद्यकशास्त्राचा विषय. तेथे अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाचे काय काम, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु ज्ञान हेही उत्पादनाचे साधन आहे आणि त्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्न आपण विचारावयाचा नाही तर कोणी विचारावयाचा? गावातील आशाताईला काय शिकवावे, किती दिवस, कोठे आणि कोणत्या भाषेत, हे ठरविताना तिला कोणी विचारते काय, एवढाच माझा आजचा मुद्दा आहे.

हा प्रश्न नवा नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने ग्रामीण आरोग्यसेवकांची योजना सुरू केली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजनारायण हे समाजवादी परंपरेतले. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती देण्याचा योजनेचा हेतू निःसंशय मोठा होता. हजार वस्तीमागे एक सेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात दरमहा २०० रुपये विद्यावेतन व पुढे दरमहा ५० रुपये मानधन, अशी तिची रचना होती. पण सेवक गावचा असला तरी अभ्यासक्रम दिल्लीचा होता. निवड गावाने करावयाची, याचा अर्थ अनेक ठिकाणी गावातील वजनदारांनी करावयाची असा झाला. आणि माता-बालकांचे आरोग्य हा ज्या कामाचा गाभा, त्यासाठी बहुतांशी पुरुष निवडले गेले. योजना आपल्या विचाराच्या माणसांनी आणली म्हणून हे वैगुण्य झाकून ठेवण्याचे कारण नाही.

त्याच सुमारास महाराष्ट्रात एक निराळी वाट घडत होती. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठविण्याचा आरंभीचा बेत नीटसा जमला नाही. तेव्हा गावातल्याच स्त्रियांना शिकवावे, हा विचार पुढे आला. त्यांत दलित स्त्रिया होत्या, अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही होत्या. एकदाच पढवून त्यांना परत धाडले गेले नाही. त्या नियमाने केंद्रात येत, एकत्र राहत, गावात काय घडले ते सांगत, आणि शिक्षण त्या अनुभवाला धरून पुढे जाई. कालांतराने जुन्या सेविका नव्यांच्या शिक्षिका झाल्या.

गडचिरोलीचे उदाहरण याहून बोलके आहे. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखण्याची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांखालील मुलाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, तर धोका. पण ज्या दाईला बारापलीकडे मोजता येत नाही, तिने हे कसे करावे? एरवी ‘ही बाई अपात्र’ असा शेरा मारून प्रश्न मिटविला गेला असता. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दाई बदलली नाही, साधन बदलले. वाळूचे घड्याळ आणि मण्यांची चौकट. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. मिनिट संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. शिकणाऱ्याला काय येते येथून आरंभ करणे याचा अर्थ हा असा आहे. पुढे तेथील ३९ गावांत सेविकांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आले. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले.

सरकारने २०११ साली हेच काम आशांकडे सोपविले. सहा भेटींचे मिळून मोल ठरले २५० रुपये; म्हणजे भेटीमागे ४२ रुपयेही नव्हेत! पद्धत गडचिरोलीची घेतली; तिच्यामागचे नाते मात्र घेतले नाही. आशा योजना २००५ सालची. तिचे आरंभीचे प्रशिक्षण २३ दिवसांचे, पाच टप्प्यांत. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. बीडच्या गावात ऊसतोडीला गेलेल्या गर्भवतीची नोंद तुटते, गडचिरोलीत हिवताप आहे, कोकणात सर्पदंश आहे. एकाच पुस्तकाने हे सारे कसे भागावे? रात्री गाडी मिळाली नाही तर काय करावे, घरची माणसे ऐकत नसतील तर कसे बोलावे, दवाखान्यात रुग्णाचा पाणउतारा झाला तर कोणाकडे दाद मागावी, हे प्रश्न तिला रोज पडतात. त्यांना अभ्यासक्रमात स्थान द्यावयाचे, तर ती आराखड्याच्या बैठकीत हवी.

यावर आक्षेप येतो, की औषधाची मात्रा काय बहुमताने ठरवावयाची? मुळीच नाही. मात्रा शास्त्रच ठरवील. परंतु आधी काय शिकवावे, कोणत्या शब्दांत, कोणत्या हंगामात, दिवसाच्या कोणत्या वेळी, हे शास्त्र ठरवीत नाही. आज ते कार्यालयाची सोय ठरविते. तेथे सेविकेचा अनुभव हाच अधिकार मानला पाहिजे.

शिवाय नुसते विचारून भागणार नाही. जिला कामगार म्हणून मान्यता नाही, तिच्या मताला बैठकीत वजन कोठून येणार? योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केली आहे. सहभाग आणि वेतन हे दोन प्रश्न नाहीत. विनामोल सल्ला मागणे हाही शोषणाचाच एक प्रकार होय.

म्हणून आशांच्या संघटनांत काम करणाऱ्या साथींनी मानधनवाढीच्या मागणीला आणखी चार मागण्या जोडाव्यात. तालुक्याच्या प्रशिक्षणाचा आराखडा ठरविणाऱ्या समितीत निम्म्या जागा सेविकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना असाव्यात. प्रशिक्षणाचा प्रत्येक दिवस पूर्ण मजुरीचा कामाचा दिवस धरावा. अनुभवी सेविकांना प्रशिक्षक म्हणून नेमावे आणि डॉक्टर-प्रशिक्षकाइतकाच भत्ता द्यावा. दर सहा महिन्यांनी आराखड्याची फेरतपासणी करून काय बदलले, हे सेविकांच्या सभेत सांगावे.

या मागण्यांना खर्च फार नाही. त्यांना विरोध होईल तो पैशासाठी नव्हे, अधिकारासाठी होईल. त्याची तयारी ठेवूनच आपण तालुक्यातालुक्यांत कामाला लागावे.