शीटमध्ये नसलेला सहावा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातल्या अडखळण्या तेवढ्या काढल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

एच-वनबीच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की याचा पुढचा भाग कधी. करतो, नक्की करतो. पण आज व्हिसा नाही, इंटरव्ह्यू नाही, कोडिंग पण नाही. आज पळण्याबद्दल बोलायचंय. आणि माझ्या एका चुकीबद्दल. चूक एक्सेलमधली आहे, त्यामुळे तुम्हाला लगेच कळेल.

मी ओहायोत राहतो, कोलंबसच्या बाहेर एका उपनगरात. ताई आणि दाजी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिथल्या हायस्कूलमध्ये दहावीला आहे. त्याचं नाव घेणार नाही, घेतलं तर तो मला घरात घेणार नाही. तो शाळेच्या क्रॉस कंट्री टीममध्ये पळतो.

आता क्रॉस कंट्री म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण मला स्वतःला दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. आपल्याकडे शाळेत पळणं म्हणजे शंभर मीटर, दोनशे मीटर, चुन्याच्या रेघा आणि पीटीच्या सरांची शिट्टी. आमच्या शाळेत तर पीटीचा तास गणिताचे सर घ्यायचे, म्हणजे गणितच घ्यायचे. क्रॉस कंट्रीला ट्रॅक नसतो. गवत, चिखल, चढ, झाडीतली वाट, असं पाच किलोमीटर. सगळे एकाच वेळी सुटतात. वळणावर झेंडे असतात, लाल दिसला की डावीकडे, पिवळा दिसला की उजवीकडे, निळा म्हणजे सरळ. एके काळी हा प्रकार ऑलिंपिकमध्येही होता, १९१२, १९२० आणि १९२४ साली. १९२४ ला पॅरिसमध्ये इतका उन्हाळा होता की ३८ जण सुटले आणि १५ जणच पोहोचले. त्यानंतर ऑलिंपिकमधून तो बंद झाला. आपल्या बीडचा अविनाश साबळे, स्टीपलचेसवाला, तोही आधी सैन्यात क्रॉस कंट्रीच पळायचा. तेवढं आपलं नातं आहे या खेळाशी.

पण खरी मजा स्कोअरिंगमध्ये आहे. एका शाळेचे सात जण पळतात. त्यातल्या पहिल्या पाच जणांचे नंबर घ्यायचे आणि बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, ती टीम जिंकली. पहिले पाचही तुमचेच आले तर एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच, पंधरा. त्याच्या खाली जाताच येत नाही. आणि पाच जण पोहोचलेच नाहीत, तर तुमच्या टीमला स्कोअरच नाही. चौघं कितीही भारी असू द्या.

हे ऐकल्यावर कुठलाही इंजिनिअर काय करेल? शीट बनवेल. मी पण बनवली.

झालं असं की मी संध्याकाळी ज्या पार्कमध्ये पळायला जातो तिथेच ही मुलं सराव करतात. त्यांचे कोच शाळेत केमिस्ट्री शिकवतात. शाळेच्या स्वतःच्या मैदानावर वर्षातून एक मीट असते, होम मीट, सप्टेंबरच्या शेवटी. बाहेरच्या शाळा येतात, पालकच सगळं सांभाळतात. कोचना आकडेमोडीला कोणीतरी हवं होतं. भाच्याने माझं नाव सांगितलं. मी खूश. ऑफिसात डॅशबोर्ड बनवतो ते कोणी बघत नाही, इथे तरी कोणी बघेल.

मी मागच्या वर्षीचे निकाल काढले. होम मीटला मुलांच्या नऊ टीम होत्या, आपली सातवी. नंबर होते १२, १८, २९, ३३ आणि ५५. बेरीज १४७. ते ५५ दिसलं ना? पहिल्या मुलाला लागली १७ मिनिटं ३१ सेकंद, पाचव्याला २० मिनिटं १९ सेकंद. दोघांमध्ये २ मिनिटं ४८ सेकंद. क्रॉस कंट्रीवाले या फरकाकडे फार बघतात. कारण पुढे मुलं विखुरलेली असतात, तिथे दहा सेकंद वाचवले तर एखादा नंबर वर जाता. मधल्या गर्दीत दहा सेकंद वाचवले तर चार-पाच जणांना मागे टाकता. म्हणजे पहिल्यावर मेहनत घेण्यापेक्षा पाचव्यावर घेतलेली जास्त पावते.

हे सगळं मी शीटमध्ये मांडलं. प्रत्येक मैलाची वेळ, हिरवा-लाल रंग, सगळं. वर पाच नावं. आणि सहावा-सातवा? त्यांच्या ओळी मी राखाडी केल्या आणि बाजूला लिहिलं, नॉन-स्कोअरिंग. बेरजेत घेतच नाहीत ना त्यांना. मग लिंक टीमच्या ग्रुपवर टाकून दिली.

सहावा कोण होता? माझा भाचा.

रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. वरण-भात, बटाट्याची भाजी. हा पठ्ठ्या मान खाली घालून बसलेला. ताईने विचारलं काय झालं, तर म्हणाला, "मी टीम सोडतोय." ताईला आतून बरंच वाटलं, कारण अभ्यासाचं वर्ष आहे. ती म्हणाली, "बरं झालं. नाहीतरी तुझं मोजतच नाहीत म्हणे. मग रोज दोन तास कशाला पळायचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रे, बरोबर ना?"

आणि मी काय बोललो ऐका. मी म्हणालो, "टेक्निकली बरोबर आहे."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. भाचा उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि वर गेला. भात तसाच होता.

मंडळी, मागच्या वर्षी हाच मुलगा नववीत ज्युनिअर टीममध्ये पळायचा आणि पाच किलोमीटरला २३ मिनिटं ४० सेकंद घ्यायचा. अख्खा उन्हाळा सकाळी सहाला उठून पळाला तेव्हा कुठे तो पहिल्या सातात आला होता. आणि मी त्याला राखाडी रंग दिला.

सोमवारी कोचना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी खिशातून एक पावती काढली, तिच्या मागे नंबर लिहायला लागले. म्हणाले, सहावा आणि सातवा आपल्या बेरजेत नसतात, पण रांगेत असतात. आपला सहावा दुसऱ्या टीमच्या पाचव्याच्या पुढे आला, तर त्यांच्या पाचव्याचा नंबर एकाने खाली जातो. म्हणजे त्यांची बेरीज एकाने वाढते. आपला सहावा आपले पॉइंट कमी करत नाही, तो समोरच्यांचे वाढवतो. आणि दोन टीमची बेरीज सारखी आली, तर कोणाचा सहावा पुढे ते बघून निकाल लावतात.

नियमांच्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी बेरजेपर्यंत वाचलं आणि थांबलो. कोड लिहिताना एज केस सोडून द्यावी तसं.

मी घरी येऊन शीट बदलली. कोण कोणाला किती ढकलतो त्याचा नवीन कॉलम टाकला. दुसऱ्या दिवशी भाच्याला सरावाला सोडायला गेलो. म्हणजे तो टीम सोडणार होता, पण मित्रांना सांगायला तरी जायचंच होतं. गाडीत मी सॉरी म्हणालो आणि नवीन कॉलम समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे मामा, माझा उपयोग निघाला म्हणून आता मी तुला दिसायला लागलो का?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही. मी फक्त म्हणालो, "नाही रे. चुकलंच माझं." तो उतरला. मित्र उभे होते, त्यांच्याबरोबर गेला आणि पळाला. टीम सोडण्याचा विषय त्याने परत काढला नाही. माझ्या कॉलममुळे नाही हं, मित्रांमुळे.

आता होम मीट. आदल्या संध्याकाळी आम्ही पालकांबरोबर गवतावर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या, झेंडे रोवले. शाळेच्या मागून वाट निघते, फुटबॉलच्या मैदानाला वळसा, मग झाडी, मग एक चढ, आणि तोच चढ दुसऱ्या फेरीत पुन्हा. आपल्या मुलांना तो चढ पाठ आहे, कुठे दम राखायचा ते पायांना माहीत आहे. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो एवढाच.

सकाळी नऊ टीम, तंबू, संत्र्याच्या फोडी, बेगल. ताई पण आली होती, फोडी कापायला. मी दोन मैलांच्या खुणेवर घड्याळ घेऊन उभा. कोचनी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुलाला सांगून ठेवलं होतं की दोन मैलांपर्यंत एकमेकांना सोडायचं नाही, घोळक्यात पळायचं. आले तेव्हा तिघं खरंच खांद्याला खांदा लावून. आणि त्यांच्या मागे पाच-सहा पावलांवर माझा भाचा. तोंड उघडं, मान वाकडी, पण तिथेच. मी वेळ ओरडून सांगायची होती, ती विसरलोच. नुसतं "पळ, पळ" ओरडलो, मराठीत.

तिथून मी धावत फिनिशला आलो. शेवटच्या दोनशे मीटरवर भाच्यासमोर निळ्या जर्सीतले दोघं होते, एकाच शाळेचे. त्याने आधी एकाला गाठलं, मग रेषेच्या अगदी जवळ दुसऱ्याला. मग गवतावर आडवा. १९ मिनिटं १७ सेकंद. इकडे स्वतःच्या सर्वोत्तम वेळेला पीआर म्हणतात. आपल्या पीआरसारखं रिव्ह्यूला तीन दिवस थांबावं लागत नाही.

निकाल लागला. आपल्या पाच जणांचे नंबर ८, १५, १९, २४ आणि ३६. बेरीज १०२. मागच्या वर्षीपेक्षा ४५ ने कमी. बघा, पहिल्या दोघांनी मिळून त्यातले ७ कमी केले, बाकी ३८ तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्याने. एकट्या पाचव्याने १९. पहिल्या-पाचव्यातला फरक १ मिनिट ५० सेकंदांवर आला. सातव्यावरून थेट चौथा नंबर.

पाचवी आली निळ्या जर्सीवाली टीम. त्यांचे नंबर ५, ११, २०, २७ आणि ४०. बेरीज १०३.

एका पॉइंटने. माझा भाचा आला ३९ वा. त्याने मागे टाकलेले दोघं म्हणजे त्यांचा पाचवा आणि सहावा, ४० आणि ४१. आता उलट करून बघा. तो त्या दोघांच्या मागेच राहिला असता, तर त्यांचा पाचवा ३९ वा आला असता आणि बेरीज १०२-१०२ अशी बरोबरीत आली असती. मग सहावा बघितला असता, त्यांचा ४० वा, आपला ४१ वा. चौथा नंबर त्यांचा. म्हणजे एकाला गाठून भागलं नसतं का? भागलं असतं, सहावा पुढे म्हणून. पण त्याला हे काही माहीत नव्हतं. त्याने दोघं दिसले म्हणून दोघांना गाठलं.

कप पहिल्या तिघांनाच होता. आपल्याला काही मिळालं नाही. पण कोचनी निकालाच्या कागदावर ३९ भोवती पेनाने गोल केला आणि तो कागद सगळ्या मुलांना दाखवला. मी तोंडाने काही समजावलं नाही. माझं समजावून झालं होतं.

ताईने विचारलं, "कितवा आलास?" तो म्हणाला, "एकोणचाळिसावा." आमच्या घरात पहिल्या तिनाच्या खालचा नंबर मोठ्याने सांगायची पद्धत नाही. ताई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग संत्र्याचा डबा पुढे केला आणि म्हणाली, "पुढची कधी आहे?"

तर एवढंच सांगायचं होतं. ऑफिसात पण मी अशा शीट बनवतो. कोणी किती तिकिटं बंद केली, कोणाचं नाव रिपोर्टमध्ये, कोणाचं नाही. रात्री अडीचला उठून सर्व्हर बघणारा आमच्या रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही. ते बदलायला घेतलंय. पण भाच्याचा प्रश्न तसाच आहे. उपयोग दिसला म्हणून माणूस मोजायचा, की आधीच मोजायला हवा होता? टीमच्या शीटमध्ये आता सातही जण आहेत, ज्युनिअर टीमची मुलंही आहेत, आणि राखाडी रंग मी काढून टाकलाय.

तुमच्या टीममध्ये असा सहावा कोण आहे, कळवा मला. पुढच्या भागात व्हिसावर बोलू, वचन. तोपर्यंत काळजी घ्या, आणि जमलं तर थोडं पळा. भेटू.