निवडणुकीचा पैसा कुठून येतो?



मतदारयादीत नाव कसे पाहायचे, मत कसे द्यायचे, हे आता तुम्हांला ठाऊक झाले आहे. आज आम्ही त्याच्या अलीकडची गोष्ट सांगणार आहोत. यंत्राचे बटण दाबायचा दिवस उजाडतो, त्याच्या आधी पंधरा-वीस दिवस गावात पैसा फिरत असतो. जीपा येतात, भोंगे वाजतात, मंडप उभे राहतात. हे सारे फुकट होत नाही. मग हा पैसा देतो कोण? एका पक्षाकडे तो रग्गड आणि दुसऱ्याकडे चणचण, असे का? आणि त्याचे आपल्याला काय?

समजा, आपल्या तालुक्यातली एक बाई विधानसभेला उभी राहायचे म्हणते. बचतगट चालवते, चार गावांत तिच्या शब्दाला मान आहे. अर्जाबरोबर तिला १० हजार रुपये अनामत भरावी लागेल. अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ५ हजार. एकूण चांगल्या मतांच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत, तर ती रक्कम सरकारजमा होते. पण ही झाली चिल्लर. खरा खर्च पुढेच आहे.

२०२४ साली महाराष्ट्रात २८८ जागांसाठी सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. म्हणजे एका जागेला तीन लाखांवर मतदार आले. एका मतदाराला एक पत्रक द्यायचे, त्याला एक रुपया धरायचा, तर तीन लाख रुपये झाले. मतदानकेंद्रे राज्यात लाखभर होती, म्हणजे एका जागेला साडेतीनशेच्या आसपास. प्रत्येक केंद्रावर आपली दोन माणसे बसवायची. त्यांच्या चहा-भाकरीला प्रत्येकी २०० रुपये धरा. दीड लाखाच्या जवळ गेलो की नाही? अजून जीप नाही, डिझेल नाही, एकही सभा नाही. बाईच्या गटाची शिल्लक तर केव्हाच संपली.

आता तुम्ही म्हणाल, सरकारने खर्चाला मर्यादा घातली आहे ना? घातली आहे. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात एका उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येत होता. लोकसभेला ९५ लाख. पण मर्यादा कागदावर असते आणि जीपा रस्त्यावर असतात. महाराष्ट्रातल्याच एका मोठ्या पुढाऱ्याने २०१३ साली जाहीर कार्यक्रमात सांगून टाकले, की २००९ च्या लोकसभेला आपल्याला आठ कोटी रुपये लागले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. निदान खरे बोलला, असे आम्हांला वाटले. बाकीचे तेवढेही बोलत नाहीत.

पण चोरून केलेला खर्च बाजूला ठेवा. त्याहून मोठी वाट कायद्यातच मोकळी आहे. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही! पक्षाचा सर्वसाधारण प्रचार, बड्या पुढाऱ्यांचा प्रवास, त्यांची विमाने आणि हेलिकॉप्टरे उमेदवाराच्या ४० लाखांत धरत नाहीत. शेताला तीन बाजूंनी काटेरी कुंपण घातले आणि चौथी बाजू बैलांना मोकळी सोडली, तसला हा प्रकार.

ही बाजू मोकळी राहिली कशी, तेही ऐका. १९७४ साली दिल्लीच्या एका निवडणुकीचा खटला सुप्रीम कोर्टात आला. कोर्टाने सांगितले, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच नावावर धरला पाहिजे. नाहीतर पैसेवाला पक्ष आणि गरीब उमेदवार यांची कुस्ती बरोबरीची होणार नाही. निकाल लागला आणि थोड्याच दिवसांत सरकारने वटहुकूम काढून कायदा बदलला. पक्षाचा खर्च पुन्हा बाहेर काढला. २००३ साली थोडी दुरुस्ती झाली. बड्या पुढाऱ्याच्या सभेत उमेदवार व्यासपीठावर बसला, तर त्या सभेच्या खर्चात त्याचाही वाटा धरतात. पण पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा कधीच आली नाही.

मग ज्या पक्षाची थैली मोठी, त्याचे भोंगे जास्त. आणि थैल्या किती लहानमोठ्या असतात, हे २०२४ साली साऱ्या देशाने पाहिले. २०१८ पासून सरकारने निवडणूक रोखे चालू केले होते. रोखा म्हणजे एक प्रकारची हुंडी. स्टेट बँकेत पैसे भरून ती घ्यायची आणि हव्या त्या पक्षाला द्यायची. देणाऱ्याचे नाव लोकांना कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ही पद्धत घटनेविरुद्ध ठरवली. कोणाचा पैसा कोणाच्या पदरात पडतो, हे मतदाराला कळले पाहिजे, असे कोर्टाचे म्हणणे. मग बँकेला सारे आकडे द्यावे लागले.

एप्रिल २०१९ पासून जानेवारी २०२४ पर्यंतचा तो हिशेब होता. त्यात भारतीय जनता पक्षाला सुमारे ६,०६० कोटी रुपये मिळालेले दिसले. काँग्रेसला सुमारे १,४२१ कोटी. म्हणजे एकाच्या खळ्यावर चार पोत्यांहून जास्त, तर दुसऱ्याच्या खळ्यावर एक. पण पुढचे आकडे नीट बघा. बंगालमधल्या तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०९ कोटी आणि तेलंगणातल्या भारत राष्ट्र समितीला सुमारे १,२१४ कोटी. एकेका राज्यातले हे पक्ष, आणि देशभर पसरलेल्या काँग्रेसच्या आसपास! असे कसे? तर तृणमूल तेव्हा बंगालमध्ये राज्य करीत होता आणि भारत राष्ट्र समिती २०२३ च्या डिसेंबरपर्यंत तेलंगणात. पाणी उताराकडे जाते, तसा हा पैसा सत्तेकडे जातो. पक्षाचे नाव कोणते, याला फारसे महत्त्व नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने असे रोखे घेतलेच नाहीत, उलट कोर्टात दाद मागणाऱ्यांत तो होता.

कारखानदार पैसा देतो, तो काय देवाला नवस म्हणून? काही देत असतील भक्तीने, आम्ही नाही म्हणत नाही. पण पुष्कळांना ठेका हवा असतो, जमीन हवी असते, नाहीतर चौकशी टाळायची असते. ही भीती आजची नाही. १९५७ साली एक मोठी कंपनी पक्षांना देणगी देण्याची मुभा मागायला मुंबईच्या हायकोर्टात गेली होती. मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्यापुढे ते प्रकरण चालले. कायद्यात बंदी नव्हती, म्हणून त्यांनी मुभा दिली. पण यात लोकशाहीला मोठा धोका आहे, संसदेने याचा विचार करावा, असा इशाराही दिला. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. १९८५ साली ती उठली.

तुम्ही म्हणाल, हे झाले दिल्ली-मुंबईचे. आमच्या ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्हच नसते. खरे आहे. तिथे पॅनेल असते. पण पॅनेलच्या मागेही कोणी थैली धरून उभा असतोच की! जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांची निवडणूकच रद्द केली. गावातल्या जागांचा लिलाव झाला, असे आयोगाला आढळले. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या.

असा विषय निघाला, की काही मंडळी म्हणतात, "लिलावाचा पैसा देवळाला जातो, भांडणतंटा टळतो, यात वाईट काय?" देऊळ होते, हे खरे. गावाने बसून, सगळ्यांचे ऐकून, बिनविरोध माणूस निवडला तर आम्हीही आनंदाने टाळ्या वाजवू. पण लिलावात ज्याच्याकडे पैसा तोच बोलतो. रोजंदारीवर जाणारी बाई तिथे काय बोली लावणार? तिच्याजवळ एक मत होते. बोली संपली तेव्हा तेही गेले. आणि ज्याने इतके पैसे ओतले, तो पाच वर्षांत ते कुठून काढणार? पाणीयोजनेतून काढील, रस्त्याच्या खडीतून काढील. नळाला पाणी आले नाही, की ती वसुली चालू झाली असे समजा.

यावर उपाय काय, याचा विचार पुष्कळांनी केला आहे. १९९८ साली इंद्रजित गुप्त समितीने सुचवले, की मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना सरकारने रोख पैसा न देता काही साधने द्यावीत. ते बहुतेक कागदावरच राहिले. दूर अमेरिकेत मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या लोकांनी १९९६ साली मतदान करून यासाठी कायदाच केला. राज्याच्या विधानसभेला उभा राहणारा माणूस आपल्या मतदारसंघातल्या निदान साठ मतदारांकडून पाच-पाच डॉलर गोळा करतो. मग प्रचाराचा पैसा त्याला सरकारी निधीतून मिळतो. मात्र एकदा तो घेतला, की शेठ-सावकारांच्या देणग्यांना हात लावायचा नाही. सक्ती नाही, ज्याला पाहिजे त्याने या वाटेने जावे. आम्हांला यातले साठ माणसांचे कलम फार आवडले. आपल्याकडे देवळाला, शाळेला लोकवर्गणी निघते, तशीच ही वर्गणी.

आपल्याकडे असे होईल तेव्हा होईल. आज हातात काय आहे? विधानसभेच्या उमेदवाराला रोजचा खर्च एका वहीत लिहावा लागतो. त्या वहीत रोजच्या खर्चाची पाने पांढरी, रोख रकमेची गुलाबी आणि बँकेची पिवळी असतात. निकालानंतर ३० दिवसांत हा हिशेब जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. न दिल्यास तीन वर्षे निवडणुकीला उभे राहण्याची बंदी येऊ शकते. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराने हिशेब दिला नाही, तर ही बंदी पाच वर्षांपर्यंत जाते.

विधानसभेचा तो हिशेब आपल्यालाही पाहता येतो. नियमात त्याची फी लिहिली आहे एक रुपया. एका रुपयात आजकाल चहासुद्धा मिळत नाही!

आता तुम्हांला लिहिता येते. प्रचाराच्या दिवसांत एक वही करा. कोणत्या तारखेला कोणाच्या किती जीपा आल्या, मंडपात किती खुर्च्या होत्या, जेवणाच्या किती पंगती उठल्या, ते लिहा. निकालानंतर दोघेचौघे मिळून जिल्ह्याला जा आणि उमेदवाराची वही मागून घ्या. खुर्ची, जेवण, जीप यांचे दर जिल्हाधिकारी निवडणुकीआधीच ठरवून देतात, त्या दरांचा तक्ताही मागा. मग आपली वही आणि त्याची वही शेजारी ठेवून ताळा घेता येईल.