दामू धोत्र्यांचे बिबटे



आमच्या गावाच्या माळावर सर्कस उतरली की शाळा सुटल्यावर आम्ही पोरं घरी जात नसू. तंबूच्या मागं पिंजऱ्यांच्या गाड्या उभ्या असत. तिथं कनातीच्या फटीला डोळा लावून बसायचो. भुसा, कच्चं मटण आणि वाघाच्या मुताचा तो उग्र वास अजून माझ्या नाकात आहे.

एका दुपारी रिंगमास्तर लुंगी-बनियनवरच एका पिंजऱ्यापाशी आला. हातात चाबूक नाही, अंगावर सोनेरी बटणांचा कोट नाही. त्यानं गजांजवळ तोंड नेलं आणि ओठ मिटून नाकातून फुर्र फुर्र असा आवाज काढला. आतली वाघीण उठली, गजांना गाल घासला आणि तिनंही तसाच आवाज केला. ते गुरगुरणं नव्हतं. ओळखीचं कुणी दिसलं की वाघ असे फुरफुरतात, हे पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आलं. त्या दुपारी एवढंच उमगलं की या दोघांची जुनी ओळख आहे.

पुढं वाचनालयात रिंगमास्तर दामू धोत्रे यांचं ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे पुस्तक हाती लागलं, आणि नाव वाचताच ती वाघीण डोळ्यांपुढं आली.

धोत्रे पुण्याचे. जन्म १९०२चा, घरची गरिबी. मामा शेलार यांची सर्कस होती, तिच्यात भाचा लहानपणीच रमला. आपल्याकडं विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस उभी केली, त्या परंपरेतलंच हे रोप. पण ते वाढलं फार दूरवर. फ्रान्सचे नामवंत पशुशिक्षक आल्फ्रेड कोर्ट यांच्याबरोबर धोत्रे १९४०मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या प्रचंड सर्कशीत त्यांचं नाव झालं. उघडं अंग, डोक्याला फेटा आणि भोवती बिबटे, काळे बिबटे, जग्वार, प्यूमा!

बिबट्यांचं काम किती अवघड, ते सांगायलाच हवं. सिंह कळपात राहणारा, चौघांत वावरण्याची त्याला सवय असते. बिबट्या एकांडा. दुसरा बिबट्या जवळ आलेला त्याला खपत नाही. त्यात अंगानं हलका, उडी लांब, आणि बिनसलं तर आधी इशारा देईलच असं नाही. अशी जनावरं एका पिंजऱ्यात शेजारी शेजारी स्टुलांवर बसवायची, म्हणजे कोण कुणाशेजारी बसेल आणि कुणामध्ये किती जागा लागेल, हे सगळं शिक्षकाच्या डोक्यात पक्कं हवं.

प्राण्यांचे स्विस अभ्यासक हेडिगर यांनी यातलं मर्म उलगडून दाखवलं आहे. प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारी वेस असते. माणूस तिच्या आत आला की ते मागं सरतं. मागं जागा उरली नाही आणि माणूस आणखी पुढं आला, तर मात्र अंगावर येतं. शिक्षकाचं काम त्या वेशीवर चालतं. अर्धं पाऊल पुढं टाकलं की जनावर हलणार, अर्धं मागं घेतलं की थांबणार. आपण बाकांवर बसून चाबकाकडं बघत होतो. खरं तर पावलांकडं बघायला हवं होतं.

धोत्रे १९५०च्या दशकात मायदेशी परतले आणि १९७३मध्ये पुण्यातच वारले. पुढं १९९८ साली सरकारनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी आणली. माझ्या मते ते योग्यच झालं. जेमतेम वळता येईल एवढ्या पिंजऱ्यात जनावरानं जन्म काढावा, याला कसलंच समर्थन नाही. पण त्या पिंजऱ्यात जिवाभावाचं नातं जोडणारी माणसंही आपण विसरलो, याची मला फार खंत वाटते.

आमच्या गावातून सर्कस हलली ती पहाटे. पिंजऱ्याची गाडी ओढायला ट्रॅक्टर जोडला, त्याच्या धडधडीनं वाघीण बिथरली आणि गजांवर धडका देऊ लागली. रिंगमास्तर अंगावर घोंगडी घेऊन धावत आला. गाडी रस्त्याला लागेपर्यंत तो तिच्या बाजूनं चालत राहिला. इंजिनाच्या आवाजात आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, पण तो गजांजवळ तोंड नेऊन फुरफुरत होता, हे मला कळलं. कारण वाघीण खाली बसली होती.