न्यू इंग्लिश स्कूलची परंपरा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शाळेची परंपरा म्हटली की जुनी इमारत, जिंकलेल्या ढाली आणि गुणवंतांच्या नावांचे फलक डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा इतिहास पाहिला म्हणजे परंपरेचा निराळाच अर्थ ध्यानात येतो.

१८८० सालच्या जानेवारीत ही शाळा सुरू झाली. तिच्यासाठी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली होती. टिळक व नामजोशी त्यांच्यासोबत होते. वामन शिवराम आपटे लौकरच येऊन मिळाले, १८८१ साली आगरकर आले. शिक्षणाचा भार आपल्याच लोकांनी उचलावा, ही त्यांची तळमळ होती. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढील वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. याच संस्थेत गोखल्यांनी दरमहा ७५ रुपयांवर २० वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले.

या कथेस कटु बाजूही आहे. १८८२ साली विष्णुशास्त्री निवर्तले. त्याच साली कोल्हापूर प्रकरणी टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तुरुंगात एकत्र राहिलेले हे दोन मित्र पुढे विचारांनी दुरावले. आजीव सभासदांच्या नियमांवरून वाद विकोपास गेला आणि १८९० साली टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. १८९२ साली आपटे आणि १८९५ साली आगरकर, दोघेही चाळिशीच्या आत गेले.

इतके होऊनही शाळेची घंटा थांबली नाही. आज टिळक रस्ता आणि रमणबाग येथे ती वाजतेच आहे. संस्थापकांची भांडणे वर्गाच्या उंबरठ्याबाहेर राहिली, मुलांचा अभ्यास त्यांपायी बुडाला नाही. आमच्या मते खरी परंपरा ती हीच.

हे सर्व आज सांगण्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. आपल्या मंडळातील मतभेदांमुळे काही घरांनी विद्यार्थी साहाय्य निधीची वर्गणी थांबविली आहे. कोणाचे म्हणणे रास्त, याचा निवाडा आम्ही करीत नाही. तो सभेने करावा. परंतु जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा फी आणि पुस्तके यांसाठी मुले आपल्याच दाराशी येतील. त्यांना आपला वाद ठाऊक नाही आणि तो ठाऊक असण्याचे कारणही नाही.

वाद अवश्य घालावा, पण वर्गणी आधी भरावी, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.