कॅसेट आहे, पण व्हीसीआर कुठे आहे?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आता पडद्यावर आपल्या दहावीच्या वर्षाचं स्नेहसंमेलन पाहिलंत. 'हे कसं केलं, किती खर्च आला?' असं बऱ्याच जणांनी विचारलं. संयोजकांनी मला त्यावरच पाच मिनिटं बोलायला सांगितलंय.

आधी माझी चूक सांगते. मी सॉफ्टवेअरवाली, मला वाटलं, यात काय अवघड? माहेरच्या वास्तुशांतीची कॅसेट ट्रंकेतून काढली आणि तशीच व्हीसीआरमध्ये घातली. आत बुरशी होती. टेप अडकली, चुरगळली, आणि जवळपास दहा मिनिटांचं चित्रण गेलं. त्यात आजी होती. हलती-बोलती आजी तेवढीच होती आमच्याकडे.

म्हणून शाळेची कॅसेट हातात आली तेव्हा मी तिला हातच लावला नाही. एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, आधी कॅसेटच्या खिडकीतून बघा. टेपवर पांढरी भुकटी दिसली तर मशीनमध्ये घालायची नाही." त्यांनी टेप साफ केली, दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या डब्यात बसवली. व्हीसीआरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. कापड धरून ड्रम हाताने फिरवायचा, हेडवर खाली-वर घासायचं नाही, हेही तेव्हाच शिकले.

आता खर्चाचं. कॅप्चर कार्ड मला हजार-बाराशेला पडलं. व्हीसीआर सेकंडहँड घेतला; तो आणि त्याची दुरुस्ती मिळून त्याच्या चौपट गेले. माझा सल्ला हाच आहे: पैसे व्हीसीआरवर घाला. चित्र मुळात तिथेच वाचलं जातं. तिथे हललं, तर महागडं कार्डही ते नीट करू शकत नाही. व्हीएचएस 1976 साली आलं. नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिनेही 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आता जे आहेत तेच.

'एचडी करून देतो' म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नका. टेपवर मुळात तेवढा तपशील नसतो. आपल्याकडची टेप पाल पद्धतीची, म्हणून 720 बाय 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम ठेवा. चित्र रुंद ताणू नका, नाहीतर सगळे सर जाडे दिसतील! ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. 8 मेगाबिटने घेतलं तर तासाला साधारण 3.6 जीबी लागतात. तीन तासांच्या पाच कॅसेटी 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतात. मात्र तीन तासांच्या कॅसेटला तीन तास बसावंच लागतं. फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा. मूळ कॅसेट टाकू नका, आणि तिच्या कडेची प्लास्टिकची पट्टी तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही.

युनेस्को आणि ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्येच इशारा दिला होता, की 2025 च्या सुमारास टेपवरचं बरंच काही कायमचं हातातून जाईल. टेप शिल्लक राहतील, पण त्या चालवणारी यंत्रं, सुटे भाग आणि आमच्या मेकॅनिककाकांसारखी माणसं राहणार नाहीत.

मघाशी पडद्यावर आपले गणिताचे सर बक्षीस देताना हसले. ते आज आपल्यात नाहीत. त्यांच्या मुलीने मला विचारलं, "बाबांचा आवाज आहे का त्यात?" आहे. आणि त्यांच्या वाक्याच्या मध्येच पीजेचा भोंगाही आहे. आपली पाचोरा-जामनेर गाडी 2020 च्या मार्चमध्ये थांबली. त्या दिवशी शूटिंग करणाऱ्याला तो भोंगा म्हणजे व्यत्ययच वाटला असेल.

दिवाळीत मी आठ दिवस जामनेरला आहे, व्हीसीआर घेऊन. घरातली कपाटं, माळे बघा. गॅदरिंग, सहल, लग्न, काहीही असो, कॅसेट आणा. फक्त तोवर कुठल्याही मशीनमध्ये घालू नका.