प्रमाणपत्र मिळाले, पुढे काय?

(वाशीम जिल्ह्यातील महिला मंडळे व बचतगटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

तरुण मुलामुलींना काम शिकवण्याच्या योजना काही आजच्या नाहीत. १५ ऑगस्ट १९७९ ला ‘ट्रायसेम’ सुरू झाली. खेड्यातल्या गरीब घरच्या १८ ते ३५ वयाच्या तरुणांना हुन्नर शिकवून त्यांना स्वतःच्या पायावर उभे करायचे, हा तिचा हेतू. १९९९ मध्ये ती स्वर्णजयंती योजनेत विलीन झाली. पुढे २०१४ मध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आणि २०२४ मध्ये राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. आपला जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेला. आकांक्षित म्हणजे मागासच, शब्द तेवढा गोड. या जिल्ह्यांची प्रगती मोजताना कौशल्य प्रशिक्षणही मोजतात.

किती जणी शिकल्या, हे मोजले जाते. पण वर्षभरानंतर त्यातल्या किती जणींच्या हाती स्वतःची कमाई आहे, हे गावात कोणी विचारायला येते का? माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की हा हिशेब आपण ठेवायचा.

मुलींना काय शिकवतात ते पाहा. शिवणकाम आणि ब्युटी पार्लर. एकाच गावात वीस जणी ब्लाऊज शिवायला शिकल्या, तर शिवून घेणार कोण? आपल्याकडे सोयाबीन आणि तूर पिकते. मळणीयंत्राची दुरुस्ती, डाळ मिल, पंपाची मोटार भरणे ही कामे मुलींनी का शिकू नयेत? ‘हे पोरींचं काम नाही’ असे म्हणणाऱ्यांना सोयाबीन सोंगताना बाया चालतात!

शहरात नोकरी मिळाली तरी प्रश्न सुटत नाही. राहायचे कुठे, सोबत कोण, हे आईबाप विचारतात. त्यांची काळजी खरी आहे. म्हणून सुरक्षित वसतिगृह ही प्रशिक्षणाइतकीच महत्त्वाची मागणी आहे. ते नसले की मुलगी परत येते आणि तिचे लग्न उरकले जाते.

आता धंद्याचे. आमच्या गटातल्या एका मुलीला बँकेत सांगितले, ‘नवऱ्याला घेऊन या, शेताचा सातबारा आणा.’ शेत तर सासऱ्याच्या नावावर. मैत्रिणींनो, सूक्ष्म उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना बजावले आहे. हे तिथे ठणकावून सांगा. नकार दिला तर तो लेखी मागा.

२००८ च्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती योजनेत ग्रामीण भागातल्या स्त्रीसाठी स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि अनुदान ३५ टक्के ठरवले. पण अनुदान म्हणजे हातात येणारे पैसे नव्हेत. ते तीन वर्षे बँकेत अडकून असते आणि उद्योग चालू आहे हे पाहूनच कर्जात वळते होते. एजंट हे सांगत नाही. म्हणूनच कर्ज बाईच्या नावावर, दुकानाचा गल्ला नवऱ्याच्या हातात, असे असेल तर सावध राहा. धंदा बुडाला की हप्त्याची नोटीस तिच्याच नावाने येते.

मुळात तिच्या नावावर काहीच का नसते? महाराष्ट्राने १९९४ मध्ये वारसा कायदा दुरुस्त करून हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. तरी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपल्याच घरात आहेत. जिला जमीन नाही, तिला बँक ओळखत नाही, हे त्यातूनच येते.

तेव्हा प्रत्येक गटाने एक वही घालावी. गावातल्या प्रत्येक प्रशिक्षित मुलीचे नाव, ती काय शिकली, सहा महिन्यांनी आणि वर्षाने काय कमावते, आणि पैसा कोणाच्या हातात असतो, हे त्यात लिहावे. ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा, मग तहसील, मग जिल्हा परिषद. कागदावरचा त्यांचा आकडा आणि आपल्या वहीतला आकडा शेजारी शेजारी ठेवू. फरक निघाला, तर उत्तर त्यांनी द्यायचे आहे.