परदेशी कायद्याचं कपाट

(शेंद्रा येथे कामगार स्त्रियांपुढे केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, तुमच्या कारखान्यातल्या तक्रार समितीचं मूळ १९९७ च्या विशाखा निकालात आहे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा वेगळा कायदा नव्हता. तो २०१३ मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयाने आधार घेतला तो 'सीडॉ'चा, म्हणजे स्त्रियांबाबतचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. ऑस्ट्रेलियातला एक निकालही जोडीला होता.

असे कागद पूर्वी मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांत असत. ग्रंथपालाने खंड काढून दिला की काम झालं. आता करार मोबाईलवर मिळतो. मग ग्रंथपाल कशाला? तर करारात जे छापलेलं नाही ते सांगायला. १९९३ मध्ये सीडॉ मंजूर करताना आपल्या सरकारने निवेदन जोडलं: कुठल्याही समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय त्याच्या खासगी बाबींत हस्तक्षेप करणार नाही. विवाहातल्या समान हक्कांचं १६ वं कलम तिथेच अडतं. टाकलेल्या बाईच्या अर्जात नुसतं कलम उतरवलं, तर समोरचा वकील हे निवेदन काढणारच!

छत्रपती संभाजीनगरात २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. संघटनांनी तिथल्या ग्रंथपालांकडे जावं, मराठीत विचारावं, आणि भारताने कुठल्या करारात काय राखून ठेवलं आहे ते लिहून मागावं.